गणपतीत गाव सोडून

कोकणात गणपतीला माणूस घरी येतो, घरातून जात नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण जो चुकतो त्याला गाव पुढच्या भाद्रपदापर्यंत विचारत राहतं. रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून आलेली माणसं आमच्या वाडीत आहेत. त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. उलट, त्यांचं नाव कौतुकानं घेतात.

लग्न होऊन चिपळूणजवळच्या या घरात आले तेव्हापासून मीही एकही चतुर्थी बाहेर काढली नव्हती. सासूबाईंचं तर माहेरही शेजारच्याच वाडीत. त्यांच्या आयुष्यातले सगळे गणपती एकाच पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, विसर्जन झालेले. त्यामुळे २०२५च्या मे महिन्यात, जेवता जेवता, "यंदा गणपतीला मी नातीकडे जाणार," असं त्या म्हणाल्या तेव्हा ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

नात म्हणजे माझी लेक. पुण्यात शिकताना तिची आणि आमच्या जावयाची ओळख झाली. तो मॉरिशसचा, घरचं सगळं मराठी. त्याच्या खापरपणजोबांचे वडील रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले, आणि घर तिकडेच वाढलं. लग्नानंतरचा लेकीचा हा पहिला गणपती. त्यात ती गरोदर, आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. "पहिल्या गणपतीला पोर एकटी," असं सासूबाईंनी धरून ठेवलं. ह्यांनी समजावून पाहिलं, की एकटी कुठे, सासरचं घर भरलेलं आहे तिचं. "ते खरं, पण आपलं कोणी नको?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पूजा ह्यांच्या हातची असल्यामुळे हे गावीच राहणार, मुंबईहून दीर-जाऊबाई येऊन स्वयंपाकघर सांभाळणार आणि सासूबाईंबरोबर मी जाणार, असं ठरलं.

चतुर्थीच्या आधी मुंबई-गोवा महामार्ग कसा असतो हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. पण त्या रस्त्यावरून उलट दिशेनं जाण्याचा अनुभव फार थोड्यांना असेल. आम्हाला वाटलं होतं, गर्दी सगळी गावाकडे येणारी, आपली बाजू मोकळी मिळेल. कशेडीच्या बोगद्यापर्यंत मिळालीही. माणगावच्या अलीकडे मात्र समोरची रांग इतकी फुगली होती की गाड्या आमच्या बाजूला शिरल्या होत्या, आणि मग कुणालाच हलता येईना. पाऊस धरलेला. काचा वर केल्या तर गुदमरायला व्हायचं, खाली केल्या तर पाणी आत. सासूबाईंचे गुडघे दुमडून दुमडून आखडले होते. चालकानं पुढची सीट जमेल तेवढी सरकवली, तरी पाय लांब होईनात.

समोरच्या एका गाडीत मागच्या सीटवर एक गृहस्थ मांडीवर मूर्ती घेऊन बसले होते. चेहऱ्यावर रुमाल, वरून प्लास्टिकचा कागद. दोन्ही हातांनी मूर्ती धरलेली असल्यामुळे त्यांना कपाळावरचा घामही पुसता येत नव्हता, शेजारी बसलेली मुलगी मधूनमधून पुसत होती. दोन्ही गाड्या समोरासमोर इतका वेळ उभ्या होत्या की ओळख झाली. ते राजापूरकडचे, रात्री विरारहून निघालेले. "आजी, तुम्ही उलट्या कुठे निघालात?" मुलीनं विचारलं. "माझ्या नातीचा गणपती समुद्रापलीकडे आहे गो," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीतला लाडवांचा डबा उघडून काचेतून तिच्याकडे दिला. पुढे पेणला भर पावसात गणपती टेम्पोत चढवणं चाललं होतं. तिथेही त्यांनी गाडीतूनच हात जोडले. वाटेत दिसलेल्या एकाही मूर्तीला त्यांनी तसं सोडलं नाही.

विमानतळावर पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. विमानाला उशीर होता. किती, हे कुणी नीट सांगेना. चाकाची खुर्ची घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, त्यांना ती नको होती. शेवटी एका खांबाला टेकून त्या जमिनीवर बसल्या, नऊवारीचा काष्टा सावरून, पाय लांब करून. मी त्यांच्या घोट्यांवर हात ठेवला तर बोट रुतत होतं, इतकी सूज. त्या वेळी मला खरंच रडू आलं. आपण या बाईला तिच्या वयात, तिच्या गणपतीपासून ओढून इथे आणून बसवलं, असं वाटलं. ओढून आणलं होतं खरं तर त्यांनी मला. पण थकव्यात डोकं सरळ चालत नाही. रात्रभर तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत बसलो.

मुंबई ते मॉरिशस हे अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. थेट विमानाला सहा तासांच्या वर लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे तो दिवस संपता संपेना. सासूबाई झोपल्या नाहीत. पुढ्यात आलेल्या ट्रेला हात न लावता त्यांनी रुमालातली भाकरी आणि सुकी चटणी खाल्ली आणि खिडकीतून खाली बघत राहिल्या. खाली सगळा समुद्रच.

याच समुद्रावरून जावयाचे पूर्वज शिडाच्या जहाजातून गेले होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन बंदरांतून माणसं नेली जात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलास नावाच्या जहाजातून उतरलेल्या ३६ मजुरांपासून हे सुरू झालं, आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराच्या धक्क्यावर उतरली. १ फेब्रुवारी १८३५ला तिथली गुलामगिरी कायद्यानं संपणार होती, ऊस तर तोडायला हवाच होता, म्हणून करार करून मजूर आणले. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला हिशेब. चतुर्थीच्या दिवशी त्या माणसांनी काय केलं असेल? खाडा केला असेल का? हा प्रश्न मला विमानात पडला आणि पुढे सगळे दिवस तो डोक्यात राहिला.

उतरल्यावर सासूबाईंच्या पिशवीतली हळदीची पानं बाहेर काढावी लागली. परवान्याशिवाय झाडपाला देशात नेता येत नाही. नियम त्यांना मान्य होता, पण पानं टेबलावर ठेवताना एकेक पुसून ठेवली. पातोळ्या आता कशा करायच्या, हे त्या गाडीत बसेपर्यंत मला विचारत होत्या.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि लेकीचं घर पश्चिमेला, कास्कावेलच्या आसपासच्या एका गावात. सगळं बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटीहून कमीच, त्यामुळे अख्खा देश ओलांडायलाही फार वेळ लागत नाही. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. मधल्या पठारावर बारीक पाऊस आणि गारठा होता, पश्चिमेला उतरलो तसं लख्ख ऊन पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चाललेली. उसाच्या मधेमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले दिसत होते. जावई म्हणाला, जमीन उसासाठी मोकळी करताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले आहेत हे. दगड काळा, ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली नाही, पण त्यानंतर त्या बोलल्याही नाहीत.

विहीणबाई दारात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मराठी त्यांना थोडंच येतं. घरात सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तिथेच घडलेली बोली, बोलतात, कामाधंद्याला फ्रेंच आणि इंग्रजी. शाळेत मराठी शिकवतात, त्यामुळे मुलांना अक्षरओळख आहे, बोलायला मात्र जीभ वळत नाही. पण भाकरतुकडा ओवाळण्याचा क्रम एकदाही चुकला नाही. दोघी एकमेकींच्या पाया पडायला एकदमच वाकल्या, आणि सुजलेल्या पायांवर विहीणबाईंचा हात पडला तशी त्यांनी आमच्यापैकी कुणाशीही न बोलता गरम पाण्याची बादली आणली.

घरात त्या दिवसांत कारेम, म्हणजे व्रत, पाळलेला होता. मांसमच्छी बंद, भांडी वेगळी घासून घेतलेली. गणपती मातीचा, फार मोठा नाही, घरातल्या एका काकांनी केलेला. मखर नव्हतं, पण वर बांबूच्या चौकटीला फळं आणि पानं टांगलेली होती. आमची माटवी. कवंडळं नव्हती, त्याऐवजी तिथे मिळणारी फळं. सासूबाई त्या चौकटीखाली बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. एक गाठ सैल वाटली, ती त्यांनी आवळली.

दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्टला, चतुर्थी. मोदक त्यांच्याकडे तळणीचे करतात. उकडीचे करायचे हे सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. पीठ तिथलंच, आणि तांदूळ आपल्यासारखा चिकट नाही. उकड काढली, मळली, पारी केली, की चुण्या घालताना काठ फाटायचा. पहिले चार-पाच मोदक असेच मोडले. सासूबाई उकड पुन्हा मळायला बसल्या. कोमट पाणी, तेलाचं बोट, तळहाताच्या मुळानं दाबत दाबत. विहीणबाई शेजारी बसल्या आणि त्यांच्या हाताकडे बघत तसंच करू लागल्या. काही वेळानं पाऱ्या सासूबाईंच्या आणि सारण भरणं विहीणबाईंचं, अशी वाटणी आपोआप झाली. दोघींना जोडणारी भाषा म्हणजे माझी लेक, आणि ती दमून आत झोपली होती. मी मधे पडायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "तू नारळ खव." मग विहीणबाई उठून परसात गेल्या आणि पदरात हळदीची पानं घेऊन आल्या. हळद तिथे घरोघर लावलेली असते. सासूबाईंनी एक पान नाकाशी धरलं, मग विहीणबाईंच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

आरतीला अख्खी आळी जमली. मुलांच्या हातात रोमन अक्षरांत छापलेले कागद होते, म्हाताऱ्यांना कागद लागत नव्हता. विहीणबाईंना "पाणी आण" हे मराठीत सांगताना अडखळायला होतं, पण एकामागून एक आरत्या त्यांनी न थांबता म्हटल्या. चाल आमच्यापेक्षा संथ. आमच्या वाडीत आता टाळ्यांचा वेग वाढला आहे, माझ्या लहानपणी तो असाच होता. पुण्यामुंबईहून जाणारे लोक तिथली मराठी ऐकून "अरे, किती कमी राहिलंय" म्हणतात, असं जावयानं मागे सांगितलं होतं. मला ते पटत नाही. ज्यांना परत जायला गाडी नव्हती, पत्र लिहायला अक्षर नव्हतं, आणि मळ्यावर खाड्याला दुप्पट कापणारा मालक होता, त्यांनी हे इतकं राखलं. मला ते कमी वाटलं नाही. हेनरिएटा गावात १८९६ साली झालेली गणेश चतुर्थी ही बेटावरची पहिली, असं तिथे सांगतात. मला वाटतं, त्याच्याही आधी कुणीतरी मळ्यावरच्या झोपडीत चिमूटभर मातीचा गणपती केलाच असणार, फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

नोंद एका गोष्टीची होती. गणपतीच्या शेजारच्या भिंतीवर चौकटीत एक कागद लावला होता. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवलेली आहेत, त्यातून जावयाच्या वडिलांनी काढून आणलेली प्रत. क्रमांक, जहाज, बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी, उंची, डाव्या गुडघ्यावर व्रण. पुढे गावाचं नाव, इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. सासूबाईंनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी एकदा असं वाचलं, एकदा तसं. गुहागर, संगमेश्वर, खेड, सगळ्या तालुक्यांतली गावं आठवून पाहिली. काही जुळेना. जावयाचे वडील शांतपणे ऐकत होते. त्यांनीही हे पुष्कळदा करून पाहिलं असणार.

रात्री झाकरी झाली. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात, बाल्या नाच म्हणतात काहीजण, ती तिथे झाकरी. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती रिंगण. पोशाख वेगळा, गाण्यातले बरेच शब्द झिजून ओळखू न येणारे. मी शब्द पकडायचा प्रयत्न करत होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "शब्द काय ऐकतेस, पाय बघ." मी पाहिलं. कमरेत वाकून, रिंगण न मोडता, चाळ बांधलेला पाय ढोलकीच्या थापेवर आपटायचा आणि अंग झटकन फिरवायचं. आमच्या वाडीतले दत्ताच्या देवळासमोर नाचतात तसंच, पायाचा कोनसुद्धा तोच. नाचणाऱ्यांत एक पांढऱ्या केसांचे आजोबा होते. त्यांना दम लागत होता, पण बाहेर येईनात. सासूबाईंचे सुजलेले पाय खुर्चीखाली ताल धरत होते. त्यांच्या वडिलांचा नाच होता म्हणे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तिथले बहुतेक घरगुती गणपती दीड दिवसाचे. सरकारी सुट्टीही विसर्जनाच्या दिवसाची असते, २०२५ला ती २८ ऑगस्टला होती. मला ही सुट्टी फार मोठी वाटते. चीनचं नववर्ष, महाशिवरात्र, ईद, तमिळांची कावडी, ख्रिस्ती लोकांचा ऑल सेंट्स यांच्या रांगेत गणपतीचा दिवस त्या देशाच्या पंचांगात आहे, तो सगळ्यांचा म्हणून. मिरवणुकीच्या वाटेवर शेजारच्या क्रिओल ख्रिस्ती घरातल्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं मूर्ती पुढे गेल्यावर क्रूसाची खूण केली.

विसर्जन पश्चिम किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या पलीकडे. आमच्याकडे भाद्रपदात समुद्र खवळलेला असतो, पऱ्याला लाल पाणी असतं, छत्र्या सांभाळत घाईघाईनं आटपावं लागतं. तिथे प्रवाळाचं कडं दूर आत आहे, लाटा तिथेच फुटतात. एक पांढरी रेघ दिसते फक्त, आणि अलीकडे तळ्यासारखं पाणी. उथळ इतकं की मूर्ती घेतलेले लोक चालत चालत खूप आत गेले तरी पाणी मांडीपर्यंतच. जावई, त्याचे वडील, काका, सगळे कपड्यांसकट आत जात राहिले, किनाऱ्यावरून त्यांचा गजर बारीक होत गेला. कमरेइतकं पाणी आल्यावर त्यांनी मूर्ती खाली घेतली. लेक माझ्या खांद्याला टेकून उभी होती. सासूबाईंनी गावी फोन लावायला सांगितला. तिकडेही दीड दिवसाचाच गणपती, पण दीड तासाच्या फरकानं आमचा तिकडे आधीच गेला होता. जाऊबाईंनी सांगितलं, पऱ्याला पाणी खूप होतं, सगळं नीट झालं, मोदक थोडे जाड झाले. "इथलेही झाले," सासूबाई म्हणाल्या.

परतायच्या आदल्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघायला गेलो. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. दगडी पायऱ्या सोळा. बोटीतून उतरल्यावर मजूर याच चढून आत जात. मधे मोठा रस्ता झाल्यामुळे समुद्र आता पायऱ्यांपर्यंत येत नाही. सासूबाई पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या, एकेक मोजली. मग जावयाच्या वडिलांकडे वळून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही गावाला कधी येताय?" हे वाक्य त्यांना भाषांतराशिवाय कळलं. ते म्हणाले, "गाव?" आणि हात पसरले. कुठलं गाव, तेच तर माहीत नाही. "आमचं आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "शिमग्याला या. पालखी घरोघर येते. तुमचं सापडेपर्यंत आमच्या अंगणात नाचवू."

येणार आहेत. बाळ लहान असेल म्हणून लेक-जावई थांबतील, विहीणबाई आणि व्याही येतील. त्या नोंदीच्या प्रतीचा फोटो मी आणला आहे. ह्यांनी तो तालुक्यातल्या दोन-तीन जुन्या तलाठ्यांना दाखवला. खाडीकाठच्या एका वाडीचं जुनं नाव तसं होतं, असं त्यातल्या एकाचं म्हणणं आहे, ते पडताळायचं आहे. होळी मार्चच्या सुरुवातीला. कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबर संपता संपता सकाळी आठला हे खिडकीवर असतील. त्या दोघांना महामार्गानं आणायचं नाही, एवढं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.